सर्व बंद

आमच्या शाळेतल्या संगणकांबद्दल कुणी काही विचारलं की मी आधी विचारते, कुठल्या अर्थाने? लोकांना वाटतं बाई फार शिष्ट आहेत. तसं काही नाही. 'चालू' आणि 'बंद' हे शब्द पहिलीतलं मूलही चुकत नाही. पण तलासरीच्या डोंगराकडच्या आमच्या शाळेत याच दोन शब्दांनी माझी नोकरी खायला घेतली होती. तेव्हापासून मी जपून असते.

मी त्या शाळेतली कॉम्प्युटरची बाई. गणिताच्या बाईंना पोरं 'मॅडम' म्हणतात, मला 'कॉम्प्युटरच्या बाई'. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस आणि बाई असं सगळं एकाच खोक्यातून आल्यासारखं. कागदावर पाहिलं तर पोरांचं फार चुकत नव्हतं. माझी नेमणूक कंत्राटी आणि नेमणुकीच्या पत्रात एक वाक्य असं होतं की हे पद शाळेतील कार्यरत संगणकांच्या अधीन राहील. बाकीचे शिक्षक मुख्याध्यापकांच्या अधीन, मुख्याध्यापक संस्थेच्या अधीन आणि मी दहा डब्यांच्या अधीन. त्यातले निम्मे तरी चालले पाहिजेत, म्हणजे मी चालेन.

हे डबे मुंबईच्या एका ऑफिसाने आम्हाला भेट दिले होते. त्या ऑफिसातली माणसं त्यांच्यावर काम करून वैतागली, मग ते आमच्या पोरांच्या भवितव्यासाठी अगदी योग्य ठरले. भेटीचा कार्यक्रम मी रुजू होण्याआधीचा, पण त्याचा फोटो खोलीत लावलेला आहे. फोटोत प्रत्येक मॉनिटरला झेंडूचा हार आहे, मागे उभ्या पाहुण्यांना गुलाबाचं एकेक फूल आहे आणि पोरं उन्हात बसलेली आहेत. मॉनिटरांची पोटं मागे हातभर फुगलेली. टेबलं सरळ भिंतीला लागत नाहीत म्हणून खोलीच्या मधोमध ओढलेली. पावसाळ्यात छप्पर मधोमधच गळतं.

ते चालू करणं हा वेगळाच विषय होता. पुस्तकात लिहिलंय, पॉवरचे बटण दाबा. आमच्या दहापैकी एकही यंत्र नुसतं बटण दाबून चालू होत नसे. एकाचं बटण दाबून धरायचं आणि आतला पंखा गुरगुरला की झटकन सोडायचं. जरा उशीर झाला की ते रुसून बसे. एकाची मागची वायर कपडे वाळत घालायच्या चिमट्याने धरलेली, चिमटा डावीकडे कलला तरच वीज आत जाई. एकाला वरून थोपटावं लागे, आणि थोपटणं वेगळं, बडवणं वेगळं, हे नव्या पोरांना शिकवायला माझे दोन-तीन तास जात. खिडकीजवळचा एक तर शेजारचा चालू झाल्याशिवाय जागाच होत नसे. याचं कारण मला आजही माहीत नाही. मी डिप्लोमा केलेली बाई, म्हणून पोरांना सांगितलं, अर्थिंग. आमच्याकडे ज्याचं कारण कळत नाही त्याला अर्थिंग म्हणतात.

सगळ्यांच्या आतल्या घड्याळाच्या बॅटऱ्या कधीच मेल्या होत्या. त्यामुळे वीज गेली आणि आली की प्रत्येक यंत्राला वाटे की आज एक जानेवारी आहे, आणि साल असं, की माझ्या वर्गातल्या एकाही पोराचा जन्म झालेला नाही. वीज रोज जायची, म्हणून रोज एक जानेवारी. पोरं खोलीत शिरताना रांगेत 'हॅपी न्यू इयर, बाई' म्हणत शिरायची. पहिल्यांदा मी चिडले. मग मीही उलट शुभेच्छा द्यायला लागले. जुलैच्या चिखलात पाय बरबटलेल्या नववीच्या पोरांना नववर्षाच्या शुभेच्छा देणारी बाई ठाणे-पालघर पट्ट्यात मी एकटीच असेन.

त्या बॅटऱ्या बदलायला मी एकदा गुजरातच्या हद्दीतल्या उंबरगावच्या दुकानात गेले होते. दुकानदाराने खोललेला डबा काउंटरवर फिरवून फिरवून पाहिला, आतल्या पोराला हाक मारून दाखवला आणि मला फार मायेने म्हणाला, "बेन, आवो माल तो हवे नथी आवतो. क्यांथी लाव्या?" असा माल आता येतच नाही, कुठून आणला! मी म्हटलं, "भेट आलाय." तो म्हणाला, "पाछो आपी दो." परत देऊन टाका. बॅटरी मात्र त्याने घड्याळवाल्याकडून मागवून दिली. ती महिनाभर टिकली.

गंमत अशी की पोरांना हे सगळं फारसं खटकत नव्हतं. त्यांच्या घरी, पाड्यावर, मोठ्या भावाचा मोबाईल असायचा. भाऊ उंबरगाव नाहीतर वापीच्या कंपनीत कामाला, संध्याकाळी घरी आला की मोबाईल पोरांच्या हातात. माझ्या खोलीतली दहाच्या दहा यंत्रं एकत्र बांधली तरी त्या एका मोबाईलची बरोबरी झाली नसती, हे त्यांना माझ्याइतकंच कळत होतं. तरी ती यायची आणि वेळेआधी यायची. कारण मोबाईल बघायचा असतो आणि कीबोर्डवर स्वतःचं नाव आपल्या हाताने लिहिता येतं. ते नाव पडद्यावर उमटायला जरा वेळ लागायचा. अक्षर दाबायचं, थांबायचं, मग ते यायचं. काही पोरांना तर तसंच असतं असं वाटायचं.

नववीत एक मुलगी होती, ओढ्यापलीकडच्या पाड्यावरची. वर्गात तोंड उघडायची नाही. खिडकीजवळच्या त्या शेजाऱ्याशिवाय न उठणाऱ्या यंत्रावर तिचा हक्क होता. सांगितलेलं ती जसंच्या तसं करायची, एक कणभर कमी नाही की जास्त नाही. आमच्याकडे जमीन अधूनमधून हलते. डहाणू-तलासरीत राहणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही असं नाही, पण त्याचं बोलणं होत नाही. धक्का बसला की पोरं पाटी-दप्तर टाकून मैदानात, एवढी सवय आम्ही लावून घेतली आहे. एका दुपारी माझ्या तासाला असाच धक्का बसला. खिडक्या खडखडल्या, वरून धूळ पडली, वर्ग बाहेर पळाला. मैदानात मुंडकी मोजली तर एक कमी. मी परत धावले. ती आत आपल्या जागेवर बसलेली, पडद्यावर यंत्र सावकाश बंद होत होतं आणि ही हात मांडीवर ठेवून वाट बघत होती.

मी किंचाळले, "बाहेर का नाही आलीस?"

"तुमीच तं सांगलं, बाई. बंद केल्याबिगर उठाचा नाय."

मी तिला दंडाला धरून ओढत बाहेर आणलं आणि सगळ्यांसमोर ओरडले, मग झाडाखाली बसून पाणी प्यायले. शिक्षकाच्या तोंडून निघालेलं वाक्य कुणी इतक्या इमानाने पाळत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी नियम बदलला, जमीन हलली की यंत्र तसंच सोडून पळायचं. तिने मान हलवली.

तर अशा ह्या संगणकांची चौकशी आली.

तालुक्याच्या कार्यालयाचा मोबाईलवर एक ग्रुप आहे, त्यात सगळे मुख्याध्यापक. एका सकाळी त्यावर निरोप आला, 'आपल्या शाळेतील चालू व बंद संगणकांची संख्या तात्काळ कळवावी.' आमच्याकडे तात्काळ म्हटलं की चहाच्या आत. मुख्याध्यापक निवृत्तीला आलेले, जन्मभर मराठीचं व्याकरण शिकवलेले, अत्यंत सज्जन गृहस्थ. खोटं बोलायचे नाहीत आणि अर्धवट बोलणं म्हणजे खोटं बोलणंच, असं मानायचे. ते उठले, व्हरांड्यातून चालत माझ्या खोलीच्या दाराशी आले, आत डोकावले. मी अजून डहाणूहून येणाऱ्या जीपमध्ये होते. वीज पहाटेपासून गेलेली. दहाही पडदे काळे. त्यांनी परत जाऊन कळवलं, 'सर्व बंद.'

त्याखाली तालुक्याच्या साहेबांनी अंगठा पाठवला. मला आयुष्यात इतक्या अधिकृतपणे कुणी अंगठा दाखवला नव्हता.

मला हे कळलं ते घरी जाताना. डहाणूला जाणाऱ्या जीपमध्ये पलीकडच्या केंद्रशाळेचे मुख्याध्यापक गुरुजी बसायचे, वरोरचे. ते म्हणाले, "बाई, अभिनंदन. तुमच्या शाळेला नवीन कोरे कॉम्प्युटर येणार. ज्यांचे सगळे बंद त्यांना आधी."

मी म्हटलं, "आमचे कुठे बंद आहेत?"

"तसं तुमच्याच सरांनी लिहिलंय." त्यांनी मोबाईल काढून दाखवला. मग जरा आवाज उतरवून म्हणाले, "एक कंपनी देतेय. कंपनीचं सामान, कंपनीचाच शिकवणारा. तुमचं काही बोलणं झालंय ना त्यांच्याशी?"

काहीच बोलणं झालं नव्हतं. पण 'कार्यरत संगणकांच्या अधीन' हे वाक्य मला पाठ होतं. संगणक बंद म्हणजे पद बंद. दोन शब्दांत सरांनी दहा यंत्रं आणि एक बाई निकालात काढली होती, आणि तेही कुणाचं वाईट न चिंतता.

सकाळी मी तडक त्यांच्या टेबलासमोर. "सर, तुम्ही सर्व बंद असं कसं कळवलंत?"

"बंदच होते," ते म्हणाले. "मी स्वतः पाहिलं."

"लाईट नव्हती, सर."

"लाईट नसली की काय होतात? बंद."

"बंद म्हणजे बिघडलेले, असं त्यांना वाटलं."

"मग त्यांनी 'नादुरुस्त' असा शब्द वापरायला हवा होता," सर शांतपणे म्हणाले. "बंद हे विशेषण त्या घडीची स्थिती सांगतं. दुकान बंद आहे म्हटलं म्हणजे दुकानदार मेला का?"

"सर, ह्या दुकानात मी बसते."

तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं. चेहरा पडला बिचाऱ्यांचा. त्यांनी चष्मा पुसला आणि परत पुसला. दुरुस्ती कळवायला त्यांनी साहेबांना फोन लावला, साहेब म्हणाले, यादी वर गेली, आता पडताळणीला माणसं येतील तेव्हा काय ते बघू. सर मला म्हणाले, "पडताळणीत सत्य समोर येईलच." त्यांचा सत्यावर विश्वास होता. माझा वीज मंडळावरही नव्हता.

घरी, नरपडला, कुणाला फार वाईट वाटलं नाही. आमची चिकूची वाडी, थोडी भाजी, खाऊनपिऊन बरं घर. नवरा म्हणाला, "रोज तर शिव्या घालतेस त्या डब्यांना. सुटलीस." सासूबाई ओट्यावर बसून चिकू निवडत होत्या, मोठे एका पाटीत, लहान दुसऱ्या. मान वर न करता म्हणाल्या, "गेली तं गेली. वाडीत काय काम कमी हाय? निवडायला माणूस भेटत नाय." त्यांनी ते चांगल्या मनाने म्हटलं, म्हणून मीही शेजारी बसून चिकू निवडायला लागले. वाडीतलं काम मला वाईट वाटत नाही, लग्न झाल्यापासून करतेच आहे. पण तिथे मी सून आहे. त्या घरात, त्या गावात, जीपमध्ये, बाजारात मी कुणाची ना कुणाची कुणीतरी आहे. फक्त त्या गळक्या खोलीत मला जे येतं त्यासाठी माझी वाट बघितली जायची. मला ती नोकरी हवी होती. इतकी हवी होती हे मला तोवर ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक झाल्यावर मला स्वतःचाच राग आला.

राग यायला दुसरंही कारण होतं. पोरांना नवे संगणक मिळणार होते. पातळ पडद्याचे, बटण दाबताच उठणारे. इतकी वर्षं मी ज्याच्यासाठी अर्ज करकरून बोटं झिजवली ते दाराशी आलं होतं आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, नको. अशी मी कॉम्प्युटरची बाई!

वर्गात मी सगळं सांगून टाकलं. लपवून ठेवायला जमलं नसतं, माझा चेहरा लगेच बोलतो. म्हटलं, हे डबे जाणार, नवे येणार. पोरांनी बाकं बडवली. एकाने विचारलं, "मग तुमी?" मी म्हटलं, माझ्या जागी कंपनीचे सर येतील. बाकं बडवणारे हात थांबले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग मागून एकाने विचारलं, "बाई, त्याच्यात क्रिकेटचा गेम हाय?" आणि सगळा वर्ग गेमबद्दल बोलायला लागला. पोरं ती पोरंच. ओढ्यापलीकडची मुलगी तेवढी पडद्यावर आपलं नाव लिहीत होती.

पडताळणीच्या दिवशी सकाळी जीपमध्ये येताना मी ठरवलं, बोलायचं नाही. पोरांच्या वाटेत उभं राहायचं नाही, आणि त्या साहेबासमोर 'बघा हो, माझे चालतात' अशी गयावयाही करायची नाही. माझ्या त्या गप्प राहण्यात त्याग किती होता आणि माज किती, हे मला नीट सांगता येणार नाही. मिसळलेलंच होतं.

आणि नेमकी त्या दिवशी वीज होती. सकाळपासून, एकदाही डोळा न मिचकावता. मी हसले.

दोघे आले. तालुक्याचे साहेब आणि कंपनीचा एक तरुण इंजिनीयर, पाठीवर काळी बॅग. साहेब वाईट नव्हते, घाईत होते. त्या दिवशी त्यांना अजून तीन शाळा करायच्या होत्या. मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही जरा बाजूला उभ्या राहा. आम्ही आमच्या पद्धतीने तपासतो. म्हणजे पुढे कुणी बोलायला नको." मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. नववीचा वर्ग खोलीत बसलेला होता, त्यांना उठवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. सर दारात, हात मागे बांधून, सत्याची वाट बघत.

इंजिनीयरने पहिलं बटण दाबलं. पंखा गुरगुरला. त्याने बोट तसंच दाबून धरलं. यंत्र रुसलं. "बंद," तो म्हणाला. साहेबांनी लिहिलं. दुसऱ्याच्या मागे वाकून त्याने तो चिमटा पाहिला, दोन बोटांत धरून काढला आणि हसून साहेबांना दाखवला. साहेबही हसले. तिथेही बंद. तिसऱ्याला त्याने चांगलं बडवलं. तेव्हा माझा हात आपोआप पुढे झाला. मी तो मागे घेतला आणि पदराच्या टोकात धरून ठेवला. पुढचा बंद, त्याच्या पुढचाही बंद. माझ्या कानांत तो शब्द टाचणीसारखा टोचत होता. ज्या यंत्रांना मी रोज डबडी म्हणायचे, त्यांना दुसऱ्या कुणी तसं म्हटलेलं मला सहन होत नव्हतं.

खिडकीपाशी तो आला. ती मुलगी उठून उभी राहिली, त्याला जागा दिली. त्याने बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. काही नाही. "हाही बंद. दहा झाले, सर," तो म्हणाला आणि बॅगेची चेन लावली.

तेव्हा ती म्हणाली, "बंद नाय."

साहेबांनी मान वर केली. "काय म्हणालीस?"

ती उत्तर द्यायला थांबली नाही. शेजारच्या यंत्राशी गेली, वरून दोनदा थोपटलं, बटण दाबलं आणि थांबली. पडद्यावर पांढरी रेघ आली. मग आपल्या यंत्राचं बटण दाबलं. तेही उठलं. एवढं झालं आणि बाकीच्या पोरांना राहवेना. न सांगता उठली सगळी. एकाने साहेबांच्या पुढ्यातून चिमटा उचलून वायरीला लावला, डावीकडे कलता. कुणी बटण दाबून गुरगुर ऐकायला कान लावला. ज्यांना क्रिकेट हवं होतं तीही उठली होती. त्यांना बहुतेक आपण काय घालवतोय ते कळत नव्हतं, यंत्र परक्याला जमलं नाही आणि आपल्याला जमतं एवढाच आनंद होता. एकेक पडदा उजळत गेला. दहा पंखे एकदम चालू झाले की त्या खोलीत गिरणीसारखा आवाज होतो. त्या आवाजात साहेब ओरडून म्हणाले, "अरे, पण तुम्हाला नवीन नकोत का?"

"हवंत," ती मुलगी म्हणाली.

"मग हे बंद आहेत म्हटल्याशिवाय कसे मिळणार?"

"पण बंद नाय."

साहेबांनी सरांकडे पाहिलं. "हेडसर, तुम्हीच तर सर्व बंद कळवलं होतं."

"त्या वेळी बंद होते," सर म्हणाले. "आता चालू आहेत. दोन्ही विधानं सत्य आहेत."

साहेबांनी लिहिलेलं खोडलं आणि वर काहीतरी लिहिलं. जाताना इंजिनीयर माझ्याजवळ थांबला आणि हळूच विचारलं, "मॅडम, तो खिडकीजवळचा शेजारचा चालू झाल्यावरच का होतो?"

मी म्हटलं, "अर्थिंग."

नवे संगणक दुसऱ्या शाळेला गेले. माझं पद राहिलं. गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा मी खोलीत परत जाऊन कपाटाकडे तोंड करून डोळे पुसले. माझ्यासाठी पोरांनी हे केलं, हा विचार मनातून जाईना. एवढ्या वर्षांत मला कुणी दिलेली ही सगळ्यात मोठी भेट, आणि तीही अशा मुलीने जी एक शब्द बोलत नाही. शाळा सुटल्यावर मी तिला थांबवलं. तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "माझ्यासाठी असं करायला नको होतं गं. तुमचे नवीन कॉम्प्युटर गेले ना."

तिने माझ्याकडे पाहिलं. बाईंना काहीतरी साधं समजत नाहीये, असा तो चेहरा होता.

"माज्या मामाची पोरगी खालच्या शालंत हाय," ती म्हणाली. "तिकडं नवीन आलं, दोन वरीस झालं. परतेकाला प्लास्टिक हाय. खोलीला कुलूप हाय. कंपनीचा सर फोटो काढाला येतो, तवा उघडतात. पोरांनी हात लावाचा नाय, खराब होतील." मग म्हणाली, "तिकडं नवीन हायेत, पण बंद हायेत."

"मग तू..."

"माजा नावाच्या खाली आईचा नाव लिवाचा राहिलाय, बाई. उद्या तास हाय ना?"

मी म्हटलं, आहे. ती दप्तर उचलून ओढ्याच्या वाटेला लागली. मी खांद्यावरून घसरलेला हात घेऊन व्हरांड्यात उभी. तिने मला वाचवलं नव्हतं. तिने स्वतःचा तास वाचवला होता, आणि त्या तासाला मी लागत होते.